नोंदणीच्या निवेदनावर मी सही करावी का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहणारे एक वाचक दारूच्या व्यसनातून बाहेर पडले, त्याला आता अकरा वर्षे झाली. त्यांपैकी गेली आठ वर्षे ते शहराबाहेरच्या एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून नोकरी करतात. शिक्षण बारावीपर्यंत झाले असून एका खासगी संस्थेचे पंधरा दिवसांचे ऑनलाइन प्रमाणपत्र त्यांच्याकडे आहे. केंद्रातल्या एका तरुण सहकारी ताईंनी, ज्या मानसशास्त्रात एम.ए. झाल्या आहेत, त्यांच्यापुढे एक निवेदन ठेवले. व्यसनाचे समुपदेशन प्रशिक्षित आणि शासनाकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीनेच करावे, अशी त्यात मागणी आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या मीटिंगमधले मित्र सांगतात की यावर सही करणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे. वाचकांचे स्वतःचे मतही असे आहे, की ज्याने कधी घेतलीच नाही त्याला पेशंटचे मन पुस्तकातून काय कळणार. त्यातच एका मित्राने धायरीत स्वतःचा गाळा देऊ केला आहे, तिथे स्वतःचे समुपदेशन केंद्र काढा, पेशंट मीटिंगमधून मिळतीलच, असा त्याचा आग्रह आहे. पत्नीचे म्हणणे बरोबर उलट आहे : सही करा आणि गाळा नको. सही करावी का, केंद्र काढावे का आणि पेशंटला आपला भूतकाळ किती सांगावा, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

सप्रेम नमस्कार.

अकरा वर्षे व्यसनापासून दूर राहणे आणि त्यातली आठ वर्षे रोज इतरांच्या व्यसनासमोर बसणे ही किती कष्टाची गोष्ट आहे, हे जाणून मी हे उत्तर लिहीत आहे. तुमच्या मित्रांना वाटणारी भीती खोटी नाही. नियम आले की ज्यांच्याकडे कागद नाही ते आधी बाहेर पडतात, मग त्यांचे काम कितीही चांगले असो, हे आपण इतर क्षेत्रांत पाहिले आहे. तरीही तुम्ही सही करावी असे मला वाटते. मात्र निवेदन आहे त्या स्वरूपात नव्हे.

आधी तुमच्या मताकडे येते. स्वतः त्या वाटेने गेलेल्या माणसाचे बोलणे पेशंटपर्यंत वेगळ्या रीतीने पोहोचते, याबद्दल दुमत नाही. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात १९३५ साली दारूने पोळलेला एक शेअर दलाल आणि तसाच एक शल्यचिकित्सक एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. आपल्या पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले, आणि तिथेही बऱ्या झालेल्या रुग्णमित्रांना कामात सामावून घेण्याची पद्धत रुजली. पण मुक्तांगणच्या संस्थापक डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. अनुभवी माणूस आणि वैद्यकीय ज्ञान यांनी तिथे पहिल्यापासून शेजारी शेजारी काम केले. ‘पुस्तक की अनुभव’ असा जो प्रश्न तुमच्या पत्रात आहे, तो पुण्यातल्या या कामात फार पूर्वीच निकालात निघाला आहे.

अनुभव कुठे अपुरा पडतो, ते एका प्रसंगातून पाहू, आणि तो तुमच्या परिचयाचा असणार. रोज सकाळपासून पिणारा माणूस दाखल होतो. पहिल्या दिवशी हात कापतात, घाम येतो, झोप लागत नाही. शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान त्याला फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तो भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकू लागतो, आपण कुठे आहोत ते विसरतो, अंथरुणातून उठून दाराकडे धावतो. रात्रपाळीला असलेला कार्यकर्ता स्वतः आठ दिवस अंग दुखण्यावर निभावून बाहेर पडलेला असेल, तर ‘नाटक करतोय, घरी जायचे निमित्त शोधतोय’ असे त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटू शकते. तो त्याच्या अनुभवाशी खोटेपणा करीत नसतो. त्याचा अनुभव एका शरीराचा असतो, एवढेच. या अवस्थेवर वेळीच औषध मिळाले नाही, तर माणूस दगावू शकतो. अशा वेळी सहानुभूती पुरत नाही, ताप आणि नाडी मोजून डॉक्टरला उठवण्याचा निर्णय घ्यावा लागतो आणि तो निर्णय कधी घ्यायचा हे शिकावे लागते.

शिवाय आता तुमच्या केंद्रात फक्त दारूचे पेशंट येत नसणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन हा उत्तेजक अमली पदार्थ जप्त केला, तेव्हा हा पदार्थ आपल्या किती जवळ तयार होतो ते सगळ्या पुण्याने वाचले. मेफेड्रोन सोडलेला मुलगा दारू सोडलेल्या माणसासारखा कापत नाही, तो खोल निराशेत जातो, आणि त्याच्या बोलण्यातला आत्महत्येचा विचार ओळखणे हे त्या आठवड्यातले पहिले काम असते. ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनचा एक प्रकार, सोडलेल्याचा धोका आणखी निराळा : काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुन्या मात्रेची एकच स्लिप, म्हणजे पुन्हा एकदा घेणे, श्वास थांबवू शकते. ही गोष्ट घरी जाताना त्याला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. दारूतून बाहेर आलेल्या माणसाला ती आपोआप ठाऊक नसते, आणि तसा दोष मी तुम्हाला देणारही नाही.

आता, ज्यांच्यासाठी ही नोंदणी मागितली जात आहे त्यांच्याकडे बघा. मध्यरात्री घरात भांडी फुटल्यावर सकाळी मोबाईलवर ‘व्यसनमुक्ती केंद्र’ शोधणारी बायको किंवा म्हातारा बाप हे तुमच्या कामाचे खरे गिऱ्हाईक. त्यांना चांगला समुपदेशक आणि वाईट समुपदेशक यांतला फरक कळण्याची काहीही सोय आज नाही. समोरचा माणूस ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणतो, गाडी पाठवून पेशंटला उचलून नेतो, किंवा भाजीत कळू न देता गोळी मिसळायला सांगतो. ती गोळी बहुधा डायसल्फिराम असते. ती पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाची लय बिघडू शकते आणि जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर जवळजवळ दोन आठवडे तिचा परिणाम राहू शकतो. ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते. भाजीत मिसळण्याचा सल्ला देणाऱ्याला आज कुणी जाब विचारत नाही, कारण तो कोणत्याही यादीत नाही. मला या निवेदनामागचे सर्वांत सबळ कारण हेच वाटते.

कायदा आज कुठे आहे, हेही समजून घ्या, म्हणजे भीती योग्य जागी राहील. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि मद्य व मादक पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक स्थिती त्याच्या व्याख्येत येते. त्यामुळे रुग्ण राहतात असे केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदवावे लागते. नोंदणीशिवाय चालवल्यास पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे आणि वारंवार तसे केल्यास तो ५ लाखांपर्यंत जातो. साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर धोक्याची ठरावीक परिस्थिती लागते, नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात साथ देणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक व्यावसायिक अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि तो मुक्काम आरंभी ३० दिवसांपुरताच असतो. म्हणजे खाटा असलेल्या जागेवर नियम आहेत. खाट नसलेल्या, केवळ टेबल-खुर्ची असलेल्या समुपदेशकाच्या खोलीपर्यंत मात्र हा कायदा पोहोचत नाही.

व्यक्तींच्या बाबतीत चित्र याहून विरळ आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली होते. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्याचा गट आहे, त्यात समाजकार्यकर्ते आहेत, एचआयव्ही समुपदेशक आहेत, स्तनपानाचा सल्ला देणारेही आहेत. पण व्यसनाचा समुपदेशक त्या नावाने तिथे नाही. याच कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांच्या पदवी शिक्षणाची आणि सहयोगी व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांच्या शिक्षणाची अट आहे. तुमच्या पंधरा दिवसांच्या प्रमाणपत्राशेजारी हे आकडे ठेवून पाहिलेत, तर सहकारी ताईंची अस्वस्थता तुम्हाला समजेल. पंजाबने २०११ मध्येच अशा केंद्रांसाठी आणि तिथल्या समुपदेशनासाठी स्वतंत्र नियम केले. तेव्हा महाराष्ट्रात अशी मागणी करण्यात काही जगावेगळे नाही.

पण ताईंच्या निवेदनावरही माझे आक्षेप आहेत आणि ते तुम्ही त्यांना माझ्या वतीने दाखवू शकता. मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी म्हणजे व्यसनाचे प्रशिक्षण नव्हे. दोन वर्षांच्या अभ्यासात व्यसन हा एखाद्या प्रकरणापुरताच आलेला असतो आणि रात्री तीन वाजता अंगावर धावून येणारा पेशंट त्यात येतच नाही. दुसरे असे, की दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या ५.७ कोटींच्या घरात आहे आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणताही उपचार मिळतो. अशा देशात ‘उद्यापासून फक्त पदवीधर’ असा नियम आला, तर उरलेले सदतीस जण पदवीधरांकडे जाणार नाहीत. ते अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे आणि भिंतीवर जाहिरात रंगवलेल्या चूर्णवाल्याकडे जातील. म्हणून मागणीत आज काम करणाऱ्यांसाठी काही वर्षांची मुदत हवी, परीक्षा मराठीतही हवी, केलेल्या कामाचे तास मोजले जावेत आणि पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित अनुभवी कार्यकर्त्यासाठी देखरेखीखाली काम करण्याची एक स्वतंत्र पायरी हवी.

आणखी एक मुद्दा, जो अशा निवेदनांतून नेहमी सुटतो. नोंदणीची किंमत ती मिळण्यात कमी आणि ती रद्द होऊ शकण्यात जास्त असते. तुमच्या ऑनलाइन प्रमाणपत्राबद्दल मला हाच प्रश्न पडला : तुम्ही उद्या एखाद्या पेशंटची गुपिते त्याच्या सासऱ्याला सांगितलीत, किंवा दुसऱ्या केंद्राकडून पेशंटमागे कमिशन घेतलेत, तर ते प्रमाणपत्र कोण काढून घेईल? कुणीच नाही. म्हणून निवेदनात तक्रार कुठे करायची, तिची चौकशी किती दिवसांत व्हायची, हे लिहून घ्या. त्याच कलमात, समुपदेशकाची स्वतःची स्लिप झाली तर काय, तेही हवे. आज अशी स्लिप झाली की माणूस लपवतो, कारण कबुली म्हणजे नोकरी गेली. आणि लपवता लपवता तो पेशंटसमोर बसत राहतो. कळवले तर काम तात्पुरते थांबेल, उपचार मिळतील आणि ठरावीक काळाने परत येता येईल, अशी वाट नियमांतच असेल, तर तुमच्यासारख्यांना आणि तुमच्या पेशंटांना, दोघांनाही तिचा आधार होईल. हे कलम अनुभवी माणसाने मांडले तरच लोक ऐकतील. म्हणूनही तुमची सही आणि सहीआधीची तुमची दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते. ताईंबरोबर एक संध्याकाळ बसा आणि मसुदा दोघांनी मिळून नीट करा. त्यांनी तुम्हाला टाळून निवेदन पाठवले नाही, तुमच्याकडे आणले, याची मनात नोंद ठेवा.

धायरीच्या गाळ्याबद्दल मी तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. तिथे खाटा टाकायच्या नसतील, तर मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी लागणार नाही, हे खरे. पण नियम अडवत नाही एवढ्यावरून काम सुरक्षित ठरत नाही. केंद्रात आज तुमच्या मागे डॉक्टर आहेत, सहकारी आहेत, चूक दाखवणारे कुणीतरी आहे. गाळ्यात तुम्ही एकटे असाल, भाडे तुमच्यावर असेल आणि ज्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला हवे त्या पेशंटची फीही तुम्हाला हवी असेल. चांगल्या माणसाचाही निर्णय अशा वेळी डळमळतो. मित्राचे दुसरे वाक्य मला अधिक खटकले. मीटिंगमधून पेशंट घेऊ नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची काही ठरलेली तत्त्वे आहेत, त्यांना परंपरा म्हणतात; त्यांतल्या आठव्या परंपरेनुसार एका व्यसनीने दुसऱ्याला दिलेली मदत बिनमोबदलाच राहायला हवी, आणि ती परंपरा रास्त आहे. ज्याचे तुम्ही स्पॉन्सर, म्हणजे मीटिंगमधले मार्गदर्शक सोबती, आहात तो तुमचा फी देणारा पेशंट झाला, की शेअरिंग करताना तो तुम्हाला दुखवायला कचरेल आणि मीटिंगमध्ये यायलाही कचरेल.

पुढे कधी स्वतःचे काम सुरू करायचेच असेल, तर आधी या गोष्टी जमवा. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाशी लेखी व्यवस्था करा, की नवा पेशंट आधी त्यांच्याकडे तपासला जाईल आणि महिन्यातून ठरावीक वेळा तुमच्या केसेस त्यांच्यापुढे मांडल्या जातील. पाटीवर आणि कार्डावर तुमचे खरे शिक्षण लिहा. पहिल्याच भेटीत एक पानाचा संमतीचा कागद मराठीत द्या : तुम्ही काय करता, काय करत नाही, फी किती, कोणती माहिती गुप्त राहील आणि जिवाला धोका असेल तर ती कुणाला सांगावी लागेल. दरम्यान शिक्षण पुढे न्या. केंद्र सरकारची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था व्यसनमुक्ती कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षणे घेते, त्यांची चौकशी तुमच्या केंद्रामार्फत करता येईल. कोलंबो प्लॅन या अनेक देशांच्या सहकार्य संघटनेचा व्यसन-उपचारविषयक अभ्यासक्रम जगभर अनेक देशांत शिकवला जातो, तोही पाहा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेता येते. कोणत्याही अभ्यासक्रमाला पैसे भरण्यापूर्वी, तो कोणत्या परिषदेच्या नोंदणीसाठी ग्राह्य धरला जातो ते लेखी विचारा.

हे उत्तर वाचणाऱ्या कुटुंबीयांनाही सांगते, की समुपदेशकाला त्याचे शिक्षण, त्याच्यावर देखरेख कोण करते आणि केंद्राचा नोंदणी क्रमांक हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. चांगला माणूस त्याने दुखावत नाही. कुठे जावे तेच कळत नसेल, तर व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरला न विचारता घरच्या घरी एकदम बंद करू नका.

उरला तुमचा तिसरा प्रश्न. भूतकाळ सांगावा, पण पेशंटला त्या क्षणी त्याची गरज आहे का, हे आधी पाहावे. ‘मीही इथूनच गेलो आहे’ हे एक वाक्य पहिल्या दिवशीची लाज उतरवायला पुरते. त्यापुढची गोष्ट, तुम्ही किती प्यायचात, घरी काय झाले, कुठल्या गटारात पडलात, ही ऐकताना पेशंट आपले पिणे तुमच्या पिण्याशी ताडून पाहू लागतो आणि ‘माझे एवढे कुठे झाले आहे’ असे म्हणून सुटका करून घेतो. पुढच्या आठवड्यात प्रत्येक बैठकीनंतर एका वहीत दोन ओळी लिहा : आज स्वतःबद्दल काय सांगितले आणि त्यानंतर पेशंट काय बोलला. ती वही महिनाअखेरीस ताईंना किंवा केंद्राच्या डॉक्टरांना वाचायला द्या.